तिसरी जाऊ

आमच्या घरातल्या वाटण्या १९९८ साली झाल्या. भांडी वाटली, पाट वाटले, आजीच्या लग्नातला तांब्याचा बंबदेखील वाटला. म्हणजे बंब माझ्याकडे राहिला आणि झाकण दादाकडे गेलं. वाटणीतून दोनच गोष्टी सुटल्या. एक देव्हाऱ्यातला बाळकृष्ण आणि दुसरी पडवीतली नानांची मोटारसायकल. बाळकृष्णाला हात लावायची कुणाची छाती नव्हती आणि मोटारसायकलला हात लावला तर तो काळा होत होता.

मोटारसायकल होती 'जावा'. मराठी माणसानं ह्या नावाची गाडी एकत्र कुटुंबात आणू नये, हे नानांना कुणी सांगितलं नसावं. घरात पुढे दोन जावा आल्या, म्हणजे माझी बायको आणि दादाची. त्या दोघींचं आजतागायत एकदाही भांडण झालेलं नाही. आम्हां भावांचं भांडण झालं ते ह्या तिसऱ्या जावेमुळे.

नाना आयुर्विम्याचे एजंट. उरण, पेण, कर्जत हा त्यांचा मुलूख. आमचा जिल्हा तेव्हा कुलाबा होता, रायगड व्हायला १९८१ साल उजाडायचं होतं. ह्या मुलखात लोकांना मरणाची भीती घालत हिंडायचं तर वाहन हवं, म्हणून १९६६ साली त्यांनी जावा घेतली. जूनच्या पहिल्या आठवड्यात ती पडवीत चढायची, कारण पनवेलला पाऊस पडत नाही, मुक्कामाला येतो. गाडीवर गोणपाट पडायचं आणि नाना म्हणायचे, "आता दसऱ्याला काढू." मग चार महिने नाना एस.टी.नं फिरायचे. एस.टी.चा प्रवास करून आलेला एजंट विम्याचं महत्त्व जास्त पोटतिडिकीनं सांगतो, असं त्यांचं मत होतं.

१९९४ च्या जूनमध्ये नानांनी असंच गोणपाट टाकलं, असंच वाक्य म्हटलं आणि गणपतीच्या आधी ते गेले. त्या दसऱ्याला गाडी काढावी असं कुणाच्याच मनात आलं नाही. पुढच्या वर्षी मी तिला झेंडूचा हार घातला, हळदकुंकू वाहिलं आणि म्हटलं, पुढच्या दसऱ्याला काढू. वाटणीच्या वेळी दादा म्हणाला, "गाडी मी नेतो, चालू करतो." मी म्हटलं, "दोन महिन्यांत मीच करून घेतो." तो काही बोलला नाही. खुंटीवरची किल्ली उचलली, खिशात घातली आणि नवीन पनवेलला राहायला गेला. खरं म्हणजे त्या किल्लीला फारसा अर्थ नव्हता. त्या काळच्या जावांना एकीची किल्ली दुसरीला चालायची. पण भांडण म्हटलं की किल्ली कुणाची हे बघावंच लागतं.

आमचे दोन महिने पंचवीस वर्षांहून जास्त चालले. जुन्या आणि नव्या पनवेलच्या मध्ये रेल्वेचे रूळ आहेत. आम्हां भावांच्या मध्येही ते तसेच पडले. सणावारी फाटक उघडायचं, लाडू इकडून तिकडे जायचे आणि फाटक पुन्हा बंद. बोलणं व्हायचं, नाही असं नाही; पण रक्तदाब आणि पाऊस ह्या दोन स्टेशनांपलीकडे गाडी जात नसे.

शेवटी प्रश्न सोडवला तो बिल्डरनं. आमचं घर पाडून इमारत व्हायची ठरली आणि पडवीतल्या वस्तूंना पाय फुटायची वेळ आली. भंगारवाला आला. त्यानं नानांच्या जावेकडे सासऱ्यानं सुनेकडे बघावं तसं बघितलं आणि किलोचा भाव सांगितला. दोन दिवसांनी पुण्याहून एक तरुण आला. त्यानं गाडीला प्रदक्षिणा घातली, टाकीवरचं चिन्ह बोटानं पुसलं आणि असा आकडा सांगितला की सौभाग्यवती चहात साखर घालायची विसरली. जाताना तो म्हणाला, "चालू असती तर दुप्पट दिले असते." तो फाटकाबाहेर पडताच हिनं फोन उचलला आणि मला न विचारता आपल्या जावेला लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी दादा दारात हजर. एका हातात ती किल्ली, दुसऱ्या हातात जुना टूथब्रश.

"पडवीतच करू," तो म्हणाला. "कार्बोरेटर मी काढतो. तू वाटी धर."

साठी उलटलेल्या मला आपण अजून वाटी धरायच्याच हुद्द्यावर आहोत, हे तेव्हा कळलं.

आता पनवेलकरानं पडवीत वाहन उघडून बसावं ह्यात नवीन काही नाही. गाडीची कामं हा आमचा गावधंदाच आहे. १८३० साली बोरघाटातून चाकाच्या गाड्या जातील असा रस्ता झाला आणि पनवेलचं नशीब उघडलं. मुंबईहून पाण्यानं पनवेल बंदरात उतरायचं आणि इथून गाडीनं घाट चढून पुण्याला जायचं. घाट चढायचा तर चाक धड पाहिजे. इंग्रजांच्या इम्पिरियल गॅझेटियरमध्ये लिहून ठेवलं आहे की पनवेलचा मुख्य उद्योग बैलगाडीची चाकं करणं, आणि देशावरून येणारा प्रत्येक गाडीवान इथून चाकांची जोडी विकत घेऊन जातो. म्हणजे मुंबई-पुणे रस्त्यावरची गॅरेजं आज आलेली नाहीत. टायर पंक्चर व्हायला लागण्याआधीपासून आम्ही दुकान मांडून बसलो आहोत.

मग १८६३ साली बोरघाटातून आगगाडी धावू लागली, तीही कल्याण-कर्जतवरून. पनवेल बाजूला पडलं. मेकॅनिकच्या भाषेत सांगायचं तर आमच्या नळीत कचरा बसला. पुढे मोटारी आल्या तशी वाट थोडी मोकळी झाली. पण मुंबईला जायचं तर खाडीला वळसा घालून ठाण्यावरून. वाशीचा पूल झाला १९७३ साली, तेव्हा कुठे ती नळी साफ झाली. ती इतकी साफ झाली की आता रस्ता ओलांडायला अर्धा तास लागतो.

नानांनी जावाच का घेतली, ह्यालाही इतिहास आहे. त्या काळी परदेशी गाडीला दार बंद आणि देशी गाडीला रांग. मद्रासला १९५५ पासून एन्फिल्डची बुलेट होत होती. बजाजला १९५९ साली परवाना मिळाला. पण स्कूटरसाठी नाव नोंदवायचं ते मुलाच्या बारशाला, मुंजीपर्यंत आली तर नशीब. म्हैसूरला १९६१ साली आयडियल जावाचा कारखाना सुरू झाला. 'जावा' हे नाव आपल्या जावांवरून पडलेलं नाही. १९२९ साली प्रागमध्ये यानेचेक नावाच्या गृहस्थानं वांडरर ह्या जर्मन कंपनीचा मोटारसायकलचा धंदा घेतला. यानेचेकमधला 'जा' आणि वांडररमधला 'वा', म्हणजे हाही सासर-माहेरचाच जोडशब्द. म्हैसूरकरांनी १९७३ पासून गाडीचं नाव येझदी केलं आणि १९९६ साली कारखान्याला कुलूप लागलं. २०१८ साली ह्या नावाची गाडी पुन्हा बाजारात आली, पण आमच्या पडवीतलीला तिनं मोठी जाऊ मानावं एवढाच तिचा-हिचा संबंध.

दादानं इंजिनामागचं झाकण काढलं आणि कार्बोरेटर उतरवून वर्तमानपत्रावर ठेवला. मुठीएवढी वस्तू. तेवढ्यात शेजारचा मुलगा डोकावला. तो इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. म्हणाला, "काका, हा पार्ट कसला?" दादानं माझ्याकडे बघितलं, मी दादाकडे. बिचाऱ्याचा दोष नाही. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे नियम आले आणि नव्या दुचाकींतून कार्बोरेटर गेला. आता पेट्रोलचा फवारा किती आणि कधी मारायचा ते इलेक्ट्रॉनिक मेंदू ठरवतो. हा मुलगा मोठा झाला तोवर कार्बोरेटरची गत पाट्यावरवंट्यासारखी झाली होती. घरोघर आहे, पण कशाला ते सांगावं लागतं.

सांगायला काही अवघड नाही. आळीच्या तोंडाशी दोन घरं जवळ आली की तिथं वारा जोरात वाहतो. तसंच कार्बोरेटरची नळी मध्ये आवळलेली असते. हवा तिथून जोरात निघते, तिचा दाब उतरतो आणि बारीक छिद्रातून पेट्रोल वर ओढलं जातं, फवारा होतो आणि हवेबरोबर इंजिनात जातो. हा आवळलेल्या नळीचा गुण १७९७ साली ज्यानं छापून प्रसिद्ध केला तो व्हेंतुरी इटलीतला पाद्री होता. पेट्रोलच्या गाडीचा तेव्हा पत्ता नव्हता. धर्मगुरूंनी सांगितलेलं समजायला लोकांना शंभर वर्षं लागतात, त्याप्रमाणे ह्यालाही जवळजवळ तेवढीच लागली.

मधल्या काळात लोकांनी गाड्या चालवल्या, पण त्या धाडस म्हणून. १८८५ साली जर्मनीत डायम्लर आणि मायबाख ह्यांनी पहिली मोटारसायकल केली आणि डायम्लरसाहेबांनी त्यावर बसवलं आपल्या मुलाला. बसायची जागा पहिल्याच फेरीत पेटली, कारण इंजिनाची तापलेली नळी नेमकी त्याखाली होती. मुलांना गाडी शिकवताना बापाचा आवाज का चढतो, ह्याची परंपरा अशी जुनी आहे.

१८९३ साली बुडापेस्टमध्ये बांकी आणि चोंका ह्या दोघांनी फवाऱ्याच्या कार्बोरेटरचं पेटंट घेतलं. आख्यायिका अशी की एक फूलवाली तोंडानं नळी फुंकून फुलांवर पाणी शिंपडत होती, ते पाहून त्यांना ही युक्ती सुचली. त्याच वर्षी मायबाखनंही तसाच कार्बोरेटर केला. जगानं नाव घेतलं मायबाखचं आणि हंगेरीतले लोक अजून म्हणतात, आधी आमचा. म्हणजे ह्या वस्तूच्या जन्मापासूनच तिच्यावर दोन घरांचा वाद आहे. आम्ही भाऊ उगीच वाईट वाटून घेत होतो.

दादानं खालची वाटी उघडली. वाटी म्हणजे ज्यात इंजिनाकडे जायच्या आधी पेट्रोल थांबतं ती. आत पेट्रोल नव्हतं. तळाशी काकवी आटून चिक्की व्हावी तसा तांबूस-काळा थर होता. पेट्रोल नुसतं राहिलं की त्यातला हलका भाग उडून जातो आणि जड भाग चिकटून बसतो. जावा टू-स्ट्रोक, तिच्या पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं, ते तर कुठेच जात नाही. फ्लोट म्हणून जो पोकळ तरंगता भाग असतो तो तळाला चिकटून बसला होता.

"हे नानांनी भरलेलं," दादा म्हणाला.

मी वाटी नाकाशी नेली. तीस वर्षांपूर्वीच्या पेट्रोलला पेट्रोलचा वास येत नाही. जुन्या व्हार्निशचा येतो, आणि थोडासा नानांच्या खाकी सदऱ्याचा. हे मी बोललो नाही. दादानंही वास घेतला आणि तोही बोलला नाही. मग म्हणाला, "थिनर आणलंस?"

दोन स्टीलच्या वाट्यांत थिनर ओतलं. वाट्या कुणाच्या हे मी इथं लिहीत नाही, कारण हे लिखाण घरातही वाचलं जाईल. रबराचे भाग आधी बाजूला काढले, नाहीतर थिनरमध्ये ते फुगतात. तसं त्यांना आता ठेवून उपयोगही नव्हता. पेट्रोलमध्ये हल्ली इथेनॉल असतं. जुन्या रबराला ते सोसत नाही, शिवाय ते हवेतलं पाणी ओढून घेतं. पितळेच्या जेट सुटल्या तशी सौभाग्यवती चिंच घेऊन आली. पितळ दिसलं की बायकांचा हात चिंचेकडे जातो. दादा म्हणाला, "ह्यांना चिंच नको, ह्यांचं भोक महत्त्वाचं." त्यावर ही म्हणाली, "भावोजी, आत स्वच्छ आणि बाहेर काळं, हे तुमच्या घराण्यात चालतं," आणि चहा टाकायला निघून गेली.

मोठी जेट तासाभरात सुटली. अडलं ते लहान जेटवर. तिला पायलट जेट म्हणतात. मूठ सोडल्यावर इंजिन जागच्या जागी धुगधुगत ठेवायचं काम हिचं. भोक जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचं. दादानं ती आकाशाकडे धरली. अंधार. मी तत्परतेनं आतून स्टोव्हची पिन आणली.

"खबरदार!" दादा ओरडला. "तारेनं टोचायचं नाही. पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की जेट गेली. उस्ताद काय सांगायचा?"

उस्ताद म्हणजे पुणे रोडवरचा आमचा म्हातारा मेकॅनिक. आता तो नाही. त्याच्या गॅरेजमध्ये दादानं शाळेच्या सगळ्या सुट्ट्या घालवल्या. उस्ताद म्हणायचा, "बाबा, गाडी चालवून खराब नाही होत. ठेवून होते." पावसाळ्यापूर्वी पेट्रोलचा कॉक बंद करायचा, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवायचं, मग वाटी रिकामी. एवढं केलं तर दसऱ्याला एका किकमध्ये गाडी उभी राहते. नाना दर वर्षी हे करायचे. त्या वर्षी त्यांना बरं नव्हतं, ते राहून गेलं असणार.

दादानं टूथब्रशचा एक केस उपटला, थिनरमध्ये बुडवला आणि तो लहान जेटमध्ये फिरवू लागला. आणि त्या जेटकडे बघता बघता माझ्या तोंडून निघून गेलं, "दादा, ती १९७१ सालची जेट मी घालवली होती."

हा आमच्या घरातला मोठा खटला होता. दसऱ्याच्या सकाळी नाना आम्हां दोघांना कार्बोरेटर साफ करायला बसवायचे. दादा बारा वर्षांचा, मी आठचा. दादा सुटे भाग काढायचा, मी वाटी धरायचो. त्या सकाळी मी वाटी घेऊन मोरीशी गेलो, पाण्यात काय होतं बघायला. लहान जेट घरंगळली आणि मोरीत गेली. मी मुकाट्यानं वाटी परत आणून ठेवली. नाना विचारायला लागले तेव्हा मी आपट्याची पानं निवडत होतो. मार दादानं खाल्ला. पूल व्हायचा होता, नव्या जेटसाठी नाना एस.टी.नं ठाण्यावरून मुंबईला गेले. ते परत येईपर्यंत दादा जेवला नाही आणि मी दोन वेळा जेवलो.

दादानं जेटवरून नजर काढली नाही. "ठाऊक आहे," तो म्हणाला. "मी खिडकीतच होतो."

"मग बोलला का नाहीस?"

"तू आठ वर्षांचा होतास. नानांचा हात मोठा होता." मग जरा थांबून म्हणाला, "पण अठ्ठ्याण्णव साली तू आठ वर्षांचा नव्हतास. दोन महिने म्हणालास."

ह्यावर बोलण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. मी वाटी नीट धरली.

दादानं सायकलच्या पंपानं जेटमध्ये हवा मारली आणि ती पुन्हा आकाशाकडे धरली. "बघ." मी एक डोळा मिटून बघितलं. सुईच्या अग्राएवढा उजेड आला होता.

दुपारी जोडाजोड झाली. नवं पॅकिंग, नवी रबरी नळी, सहा व्होल्टची नवी बॅटरी. प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडलं, म्हणजे पिस्टन इतक्या वर्षांनी हलताना तक्रार करणार नाही. टाकीला आतून गंज होता, म्हणून तिला हात न लावता दादानं पेट्रोलची बाटली खुंटीला उलटी टांगली आणि नळी कार्बोरेटरला जोडली. सलाईन लावलेल्या पेशंटसारखी गाडी दिसू लागली. दोन्ही जावा पडवीच्या पायरीवर येऊन बसल्या. पेशंट म्हटलं की बायका येऊन बसतातच.

जावाला किक आणि गियर एकाच दांड्यानं. दांडा आत दाबून वर उचलला की किक, खाली आणला की गियर. दादानं किल्ली घातली आणि दहा किक मारल्या. मग माझ्याकडे बघितलं. मी दहा मारल्या. मग दादा, मग मी. चौथ्या पाळीला गाडी एकदा शिंकली. दादा म्हणाला, "हवा कमी कर." मी जरा स्क्रू फिरवला. पाचव्या पाळीला फट्-फट्-फट् करून पडवीत असा निळा धूर झाला की शेजारचा मुलगा पाण्याची बादली घेऊन धावत आला. डायम्लरच्या मुलाला मिळाला नव्हता असा शेजार आम्हाला आहे.

दादानं मूठ सोडली. हीच परीक्षा. आवाज खाली आला, आता बंद पडते की काय असं वाटलं, आणि मग ती जागच्या जागी धुगधुगत राहिली. नाना दारात मूठ सोडून "ब्रीफकेस!" म्हणून हाक मारायचे तेव्हा राहायची तशी. आम्ही चौघंही बोललो नाही. बाटलीतलं पेट्रोल संपेपर्यंत ती चालली आणि आपणहून बंद पडली.

"वाटी रिकामी झाली," दादा म्हणाला. "बरोबर."

पुण्याच्या त्या तरुणाला आम्ही नाही कळवलं. रस्त्यावर गाडी काढता येत नाही. नोंदणीची मुदत कधीच संपली आहे आणि ते कागद हा वेगळा कार्बोरेटर आहे. घर पाडलं तेव्हा जावा टेम्पोत चढवून रुळांपलीकडे दादाच्या इमारतीखाली नेली. किल्ली मात्र त्यानं माझ्या हातावर ठेवली. "वाटणी," तो म्हणाला.

तेव्हापासून गाडी त्याच्याकडे आणि किल्ली माझ्याकडे. ठेवली की खराब होते, म्हणून दर रविवारी सकाळी मला नवीन पनवेलला जावं लागतं. दहा मिनिटं गाडी चालू करतो आणि कॉक बंद करतो. वाटी रिकामी व्हायला फार वेळ लागत नाही. पण चहा होतो, नाश्ता होतो आणि बहुतेक वेळा जेवणही तिथंच होतं. बंबाचं झाकण मी अजून मागितलेलं नाही. ते दसऱ्याला काढू.